न ढवळलेला समुद्र

सोलापुरात थंडी तोंडदेखली येते. जानेवारीत थोडे दिवस मुक्काम करते, लोकांना कपाटातले स्वेटर काढायला लावते, आणि स्वेटरला ऊन दाखवून होईतो स्वतः गाशा गुंडाळते. पण तेवढ्या दिवसांत अक्कलकोट रोडवरच्या सूत रंगवायच्या डाईंगमध्ये सकाळ बघण्यासारखी असते. बाहेर हवा गार, आत हौदांत तापलेलं पाणी, त्यामुळं वाफ अशी दाटते की माणसं कमरेच्या वरच तेवढी दिसतात. सगळी शेड तरंगत असल्यासारखी वाटते. आणि त्या तरंगणाऱ्या माणसांत एक माणूस बाह्या खांद्यापर्यंत चढवून बाकीच्यांना शिव्या घालत असतो. ते धर्मपाल बनसोडे. रंगमास्तर.

"सुंदरम्मा, लडी फिरवतीस का झोका देतीस? त्या पाळण्यात पोरगं हाय व्हय?"

"अय्यो मास्तर, हात दोनच हायेत की," सुंदरम्मा वाफेतून उत्तर देते. ती हौदावर सुताच्या लड्या फिरवते, आणि मास्तरांना उलट बोलण्याचा मान साऱ्या शेडमध्ये तिला एकटीला आहे, कारण ती त्यांच्या आधीपासून तिथं आहे.

सोलापूरची चादर साऱ्या मुलखाला माहीत. पण चादर विणायच्या आधी तिचं सूत कुणीतरी रंगवावं लागतं, हे पांघरणाऱ्याच्या डोक्यात कधी येत नाही. सुताच्या लड्या दांड्यांवर अडकवून रंगाच्या हौदात सोडायच्या आणि फिरवत राहायचं, एवढंच ते काम. सोपं वाटतं. पण हौदात गार पाणी असतं आणि बॉयलरकडून नळीनं गरम पाणी येतं, तिथं खरी गोम आहे. गरम पाणी गार पाण्यात नीट मिसळेल असं कुणाला वाटेल. ते मिसळत नाही. नवी सून सासरच्या माणसांत बसावी तसं ते वरच्या वर, अंग चोरून बसतं. हात घालून बघा, वर चटका आणि खाली गारठा. अशा हौदात लडी सोडली की वरचा भाग गर्द होतो, खालचा फिका राहतो, आणि मधे एक रेघ उमटते. तिला पट्टा म्हणतात. डाईंगमध्ये कुणी मेल्याची बातमी आली तर काम थांबत नाही. पट्टा पडल्याची बातमी आली की थांबतं.

म्हणून ढवळायचं. मास्तरांनी आयुष्यभर तेच केलं. केम गावाहून मिसरूड फुटायच्या वयात सोलापूरला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडली तेव्हा डाईंगमध्ये आले, आणि तेव्हापासून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत कधी स्वतःच्या कातडीच्या रंगाचा दिसला नाही. हातमोजे मिळत होते. ते त्यांनी खुंटीला टांगून ठेवले. हातानं कळतं ते रबराला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बुधवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत बायका तो हात बघून बाजार ओळखायच्या. हात मोरपंखी दिसला की म्हणायच्या, यंदा मोरपंखी चादरी चालल्यात वाटतं. मास्तरांच्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या खांद्याशेजारी एक जांभळा हात आहे. केसरबाई तो फोटो दाखवताना अजून सांगतात, "माणूस बघूनच दिलं होतं मला. हात कुणी बघितला न्हाय."

ढवळायची सवय कामापुरती राहिली असती तर बरं होतं. ती घरी आली. मास्तर चहा ढवळतात, साखर नसली तरी. ताकाची घागर दिसली की ढवळतात. आणि केममधल्या चुलतभावाच्या लग्नातली गोष्ट तर त्या गावात अजून निघते. मटणाचा रस्सा चुलीवरून उतरला होता, वर लालभडक तर्रीचा थर आला होता, आणि सगळी पंगत त्या थराकडं डोळे लावून बसली होती. मास्तर सहज म्हणून आचाऱ्याजवळ गेले. वर लाल, खाली पिवळं, असं ते भांडं त्यांना दिसलं. पुढचं आचाऱ्यानं हात धरेपर्यंत होऊन गेलं होतं. पळी तळापर्यंत घालून त्यांनी असा एकजीव रस्सा केला की तर्री कुठल्या कुठं गेली. पंगत उठली नाही एवढंच. नवरदेवाचा मामा जेवता जेवता म्हणाला, "धर्मपाल, लग्न तरी दिसतंय तसं राहू दे. त्यात हात घालू नको."

मास्तरांना दोनच मुलं. थोरला पुण्याला कंपनीत. धाकटी कीर्ती, तिनं भूगोलात एमए केलं, बीएड केलं, आणि शहरातल्या एका शाळेत तासिकेवर शिकवायला लागली. तासिकेवर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरत्या तुम्ही बाई. घंटा झाली की बाईपण संपलं. तीन वर्षं तिचं असं चाललं होतं. मग या जानेवारीत शाळेत भूगोलाची एक जागा कायम करायचं ठरलं. मुख्याध्यापिका महानंदा बिराजदार यांनी तिला बोलावून सांगितलं की संस्थेचे सचिव येणार आहेत, त्यांच्यासमोर आठवीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा. पाठ पसंत पडला तर जूनपासून कायम. नाही पडला तर जूनपासून दुसऱ्या कुणाला बघतील, आणि तासिकाही बंद होतील.

पाठ होता सागरप्रवाहांचा.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा हात शेंदरी होता आणि कीर्ती जमिनीवर नकाशा पसरून बसली होती. केसरबाई कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधत होत्या. त्यांच्या बचत गटाच्या भाकऱ्या स्टेशनाजवळच्या दुकानात जायच्या.

"पप्पा, जरा बसा. तुमच्याकडून रंग पाहिजे."

"कुटला?"

"लाल. पाण्यात दिसेल असा. समुद्रात गरम पाण्याचा प्रवाह कसा जातो ते पोरांना दाखवायचंय."

मास्तर नकाशाकडं वाकले. निळ्या रंगात एक लाल बाण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघून तिरका वर युरोपाकडं गेला होता. कीर्तीनं बोटानं त्याची वाट दाखवली. मेक्सिकोच्या आखाताकडून हे पाणी निघतं, ऊबदार असतं, आणि थंड समुद्रातून नदीसारखं वाहत जातं. काठ नाहीत, तट नाहीत. दोन्ही अंगांना गार पाणी, तेच त्याचे काठ. बाजूच्या पाण्यापेक्षा त्याचा रंगही वेगळा, गडद निळा. पुढं त्याच्या फांद्या होत होत ते पार नॉर्वेपर्यंत पोचतं, म्हणून तिथली बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत.

मास्तरांनीही त्या बाणावरून बोट फिरवलं.

"म्हंजे पट्टा हाय की हा."

"प्रवाह आहे, पप्पा."

"तू प्रवाह म्हण. गरम पानी वर, गार पानी खाली, मधी रेघ. पट्टाच तो. एवढा मोठा हौद बांधला, आन् ढवळायला एक माणूस ठिवला न्हाय."

"समुद्र कोण ढवळणार?"

"तेच म्हंतो मी. कुणीच न्हाय. म्हणून तर हे असं झालंय. डाईंगमदी असं केलं असतं तर मालकानं गेटाबाहेर काढला असता."

केसरबाईंनी भाकऱ्यांची गाठ आवळली. "तुमी बघितलाय व्हय समुद्र?"

"दरसाल सहा डिसेंबरला दादरला जातो तवा काय डोळं झाकून जातो? बघितलाय की. मातकट. रंगाची शेड पार बिघडलीय."

हे मात्र खरं होतं. चैत्यभूमीवर डोकं टेकवून झालं की मास्तर मागं वाळूत जातात, बाही वर करतात आणि समुद्रात हात घालून बघतात. गल्लीतल्या मंडळींना ते आता सवयीचं झालंय. एकदा कुणीतरी विचारलं, काय म्हणतोय समुद्र? मास्तर म्हणाले, "मीठ बरोबर हाय. बाकी कुणाचं लक्ष न्हाय."

रविवारी तालीम ठरली. काचेची पेटी हवी होती. ती प्रदीपच्या मोबाइलच्या दुकानातून आली. प्रदीप शेजारचाच, त्यानं गिऱ्हाईक रमावं म्हणून दुकानात दोन लाल मासे पाळले होते. मासे केसरबाईंच्या पिठाच्या पातेल्यात मुक्कामाला गेले आणि केसरबाई त्या दिवशी सबंध वेळ पातेल्याशी बोलत राहिल्या, बाबांनो, दोन दिवस काढा, आमच्याकडं असंच असतंय. गार समुद्राला बर्फ पाहिजे होता. थंडीत गोळ्याच्या गाड्या बंद, म्हणून मास्तर मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन आले.

"वास येतोय, पप्पा."

"समुद्राचा हाय. फुकटात मिळाला."

पेटी लांबट होती. एका टोकाला जाळीच्या पिशवीत बर्फ अडकवला. दुसऱ्या टोकाला पाण्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवला, आणि किटलीतलं गरम लाल पाणी रबरी नळीनं त्या तुकड्यावर हळू सोडायचं, म्हणजे ते दणक्यानं खाली न जाता वर पसरेल, अशी कीर्तीची योजना. पाणी आणि रंग मास्तरांनी आत जाऊन स्वतः तयार केला. दार लावून घेतलं होतं. रंग कालवताना ते कुणाला जवळ येऊ देत नाहीत.

कीर्तीनं नळीचा चिमटा सोडला. लाल पाणी तुकड्यावर आलं, काठावरून उतरलं आणि नापास झालेलं पोर घरात शिरतं तसं खाली मान घालून थेट तळाला गेलं.

कीर्तीनं चिमटा लावला. परत सोडला. परत तळाला.

"पाणी गरम आहे ना?"

"हात घालून बघ."

तिनं बघितलं. चांगलं गरम होतं. "मग वर का राहीना? काय घातलंय यात?"

"रंग."

"अजून?"

"पानी."

"अजून काय?"

"मीठ."

कीर्ती त्यांच्याकडं वळली. "मीठ कशाला घातलं?"

"कशाला म्हंजे? रंगात मीठ घालत न्हाईत व्हय? मिठाबिगर रंग सुताला धरतोय कुटं?"

"सूत कुठंय इथं, पप्पा?"

मास्तरांनी पेटीत नीट वाकून बघितलं. सूत नव्हतं.

"सवय," ते म्हणाले, आणि उगाच बर्फाची पिशवी सारखी केली.

केसरबाई हसायला लागल्या तशा थांबेचनात. पण कीर्ती हसली नाही. ती पेटीच्या तळाशी साचलेल्या लाल पाण्याकडं बघत बसली होती. मग एकदम उठून पुस्तक काढलं, पानं चाळली आणि परत बसली.

"थांबा. प्रवाहाचं पाणी पण जास्त खारटच असतं की. तिकडं ऊन लई, पाण्याची वाफ होती, मीठ मागं राहतं. तरी ते वर राहतं कारण गरम आहे. उत्तरेला जाऊन गार झालं की मग ते मीठ त्याला जड होतं, आणि तिथं ते खाली बसतं. मी नुसतं गरम पाणी सोडणार होते. ते बर्फाजवळ जाऊन रेंगाळलं असतं."

"म्हंजे मीठ पायजे."

"पाहिजे. चिमूटभर. तुम्ही ओंजळ घातलीय."

"भाजीत पण तसंच करतेत," केसरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

पेटी रिकामी करून परत भरली. या वेळी मीठ कीर्तीनं घातलं. चिमटा सुटला, आणि लाल पाणी तुकड्यावरून उतरून वरच्या वर निघालं. पातळ, जिभेसारखं, पुढचं टोक थोडं थरथरतंय. खाली सगळं पाणी स्वच्छ, आणि त्याच्यावरून ते कुणाला धक्का न लावता चाललं होतं. बर्फापाशी पोचलं, जरा घुटमळलं आणि तिथून लाल दोऱ्यांसारखं सुटत सुटत खाली उतरलं. तळाशी पोचून परत मागं सरकायला लागलं.

कीर्तीनं मोबाइल काढला. तो सुरू करेपर्यंत पाण्यात एक शेंदरी हात कोपरापर्यंत गेला होता, आणि गोल फिरून बाहेर आला होता. पेटीतलं सगळं पाणी एकसारखं गुलाबी झालं. इतकं एकसारखं की कुठंही बोट दाखवायला जागा नाही.

"झालं बघ आता सारखं," मास्तर समाधानानं म्हणाले. मग त्यांना पोरीचं तोंड दिसलं.

कीर्ती रागावली की ओरडत नाही. शुद्ध मराठी बोलते. "पप्पा," ती म्हणाली, "आपण शाळेत येऊ नये."

घरात एवढं शुद्ध मराठी म्हणजे प्रकरण गंभीर. मास्तर गुपचूप उंबऱ्यावर जाऊन बसले. हात मांडीवर ठेवला होता आणि दुसऱ्याच्या घरचं मांजर बघावं तसे त्या हाताकडं बघत होते. येणाजाणाऱ्यांच्या जयभीमला उत्तर देताना त्यांनी डावा हात वर केला.

पण त्यांच्याशिवाय भागणार नव्हतं. कीर्तीला बोलायचं होतं, फळ्यावर लिहायचं होतं, पोरांना प्रश्न विचारायचे होते. नळी कुणीतरी धरायला हवी होती, आणि पाणी जास्त सुटलं की पट्टा मोडतो हे ज्याला हाताला कळतं असा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. रात्री जेवताना केसरबाईंनी निवाडा केला.

"घेऊन जा त्यास्नी. एका हातात किटली दे, एका हातात नळी दे. दोन्ही हात गुंतलेले असले म्हंजे माणूस बरा असतोय. मी तीस वर्षं हेच केलंय."

कीर्तीनं बापाकडं बघितलं. "हात घालणार नाही ना?"

"न्हाय."

"शपथ नको. नुसतं घालू नका."

"न्हाय म्हटलं की."

"तो पट्टा विसकटला तर माझी नोकरी गेली, पप्पा. मी चेष्टा करत न्हाय." हे ती घरच्या मराठीत बोलली, म्हणून मास्तरांना जास्त लागलं.

पाठाच्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन मास्तर रिक्षातून गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावली होती. त्या बंद बाहीतून शेंदरी पंजा बाहेर आलेला बघून शाळेच्या शिपायानं विचारलं, "मामा, भाजलंय का?"

वर्गात पोरं दाटीवाटीनं बसली होती. मागच्या बाकावर बिराजदार मॅडम, आणि त्यांच्या शेजारी सचिव उदयसिंह घाडगे. माळशिरसकडचे बागायतदार. त्या लहान बाकावर त्यांचे गुडघे मावत नव्हते, म्हणून ते बाहेर पाय काढून तिरके बसले होते आणि थोड्या थोड्या वेळानं घड्याळ बघत होते.

"बाई, समुद्राचा वास येतोय," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"बरोबर ओळखलंस," कीर्ती म्हणाली, आणि रविवारी वासाची तक्रार करणारी हीच का, असा चेहरा मास्तरांनी केला.

पाठ सुरू झाला. नकाशा झाला, बाण झाला, थंड पाणी आणि गरम पाणी झालं. कीर्तीचा आवाज सुरुवातीला जरा कोरडा होता, मग सुटला. तिनं खूण केली. मास्तरांनी चिमटा सैल केला. लाल पाणी निघालं.

आधी वर्गात कुजबुज होती. मग मागची पोरं उभी राहिली. मग सगळीच उभी राहिली, आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं, याची नोंद बिराजदार मॅडमनी घेतली. लाल रेघ वरच्या वर चालली होती. कीर्ती सांगत होती की जुने खलाशी समुद्राच्या पाण्याचा रंग आणि उष्णता बघून ओळखायचे, आपण प्रवाहात शिरलो. की याच्या काठाला कधी कधी भोवरे सुटतात आणि गरम पाण्याचा एक गोळा गार समुद्रात एकटाच फिरत राहतो.

"आणि मिसळत नाही?" एका मुलानं विचारलं.

"मिसळतं. पण सावकाश. बघत राहा."

रेघ बर्फाशी पोचली आणि खाली उतरायला लागली. तेवढ्यात मास्तरांची किटली संपली.

नळी थेंब थेंब करून थांबली. आता धरायला काही उरलं नाही. मास्तरांनी किटली खाली ठेवली, नळी खाली ठेवली आणि सरळ उभे राहिले. समोर पेटी. वर लाल, खाली स्वच्छ, मधे रेघ. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी शिव्या दिल्या, ती गोष्ट त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, काचेत, सगळ्यांच्या देखत. डाव्या हातानं उजव्या मनगटाचं बटण कधी काढलं ते त्यांना कळलं नाही. बाही वर सरकली. कीर्ती फळ्याकडं तोंड करून 'उष्ण प्रवाह' लिहीत होती. मास्तरांनी बाही परत खाली ओढली आणि टेबलाची कड पकडली. बोटं पांढरी पडली असतील, पण ती शेंदरी असल्यामुळं कुणाला दिसलं नाही.

घाडगे साहेब उठले. पाय मोकळे करत पुढं आले आणि पेटीत डोकावले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हे मिसळत कसं नाही म्हणता? अहो, ढवळून दाखवा की जरा. मिसळतंय का नाही बघू." हे ते मास्तरांना म्हणाले. शाळेचा कुणी सेवक आहे असा त्यांचा समज झाला होता.

कीर्तीचा खडू थांबला. ती वळली. बापाची बाही अर्धी वर होती, बटण उघडं होतं, आणि आता तर सचिवांची परवानगीच होती.

मास्तरांनी टेबलाची कड सोडली नाही.

"न्हाय साहेब."

"म्हणजे?"

"ढवळायचं न्हाय."

घाडगे साहेबांना नाही ऐकायची सवय नसावी. "का बरं?"

"बाईंचा धडा चाललाय. बाई सांगतील तवा ढवळायचं. त्याआदी त्यात कुणी हात घालायचा न्हाय." मास्तर थांबले आणि प्रामाणिकपणे पुढं म्हणाले, "मी पण न्हाय. मला लई घालावासा वाटलालाय, तरी न्हाय."

पहिल्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. घाडगे साहेबांचं बोट पेटीच्या काठापर्यंत गेलं होतं, ते तिथंच राहिलं. "सर, नका ना," ती समुद्राचा वास ओळखणारी मुलगी म्हणाली, आणि मग चार-पाच जण म्हणाले, नका ना सर. मागून बिराजदार मॅडमचा आवाज आला, "सर, बसून घ्या. तास संपायचाय अजून." घाडगे साहेब बसायला गेले. बाक आणखीच लहान वाटत होता.

कीर्तीनं खडू खाली ठेवला. लाल पाणी तळाशी उतरून मागं परतत होतं, तो सगळा फेरा तिनं पोरांकडूनच वदवून घेतला. पुढचं तिनं घरी ठरवलेलं नव्हतं.

"आता समजा," ती म्हणाली, "उत्तरेचा बर्फ खूप वितळला. गोड पाणी समुद्रात आलं. प्रवाह मंद झाला, किंवा मोडलाच, तर काय होईल? शास्त्रज्ञ हल्ली याचाच अभ्यास करतायत. आपण मोडून बघू." ती पेटीपासून बाजूला झाली. "मास्तर, ढवळा."

मास्तरांनी बाही खांद्यापर्यंत चढवली. चढवताना घाई केली नाही. हात घातला, तळापर्यंत नेला आणि दोनच फेरे दिले. पाणी असं एकसारखं गुलाबी झालं की पोरांच्या तोंडातून एकदम आवाज निघाला, आणि तो वाईट वाटल्याचा होता. डाईंगमध्ये अशा कामाला शाबासकी मिळाली असती. मास्तर ओला हात धरून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या सपाट रंगाबद्दल त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

"आता नॉर्वेच्या बंदराचं काय?" कीर्तीनं विचारलं.

"गोठलं," पोरं म्हणाली.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे होते.

निकाल त्याच आठवड्यात कळला. बिराजदार मॅडमनी कीर्तीला बोलावून सांगितलं की जूनपासून जागा तिची, आणि पाणी ढवळणारा माणूस तिचा बाप आहे हे कळल्यावर सचिव काय म्हणाले तेही जसंच्या तसं सांगितलं. "मुलीला ठेवा. बाप नको." हे सांगताना मॅडमना हसू आवरत नव्हतं. कीर्तीनं घरी येऊन तेच सांगितलं तेव्हा केसरबाईंनी फक्त विचारलं, "त्यास्नी कसं कळलं एका तासात? मला किती वरसं लागली." आणि मासे प्रदीपच्या पेटीत परत सोडायला गेल्या. मासे बरेच दिवस गुलाबी काचेत फिरत होते. प्रदीप म्हणाला, गिऱ्हाईक वाढलंय.

डाईंगमध्ये पुढच्या सोमवारी पोपटी रंग लागला होता. थंडी निघून जायच्या तयारीत होती, वाफ पातळ झाली होती आणि माणसं गुडघ्यापर्यंत दिसत होती. हौद गार पाण्यानं भरला. बॉयलरची नळी उघडली. रंग पडला, आणि गरम पाण्यासोबत पोपटी रेघ वरच्या वर, काळ्याशार गार पाण्यावरून समोरच्या भिंतीकडं निघाली.

मास्तर बाही वर करून उभे होते. हात घातला नव्हता.

"काय मास्तर," सुंदरम्मा दांड्यावर लडी पसरत म्हणाली, "झोप लागली व्हय उभ्या उभ्या? पट्टा चाललाय की."

"बघितलंय."

"मग काय करलालाव?"

"कुटं चाललाय ते बघतोय."

"कुटं चाललाय?"

"नॉर्वेला."

सुंदरम्मानं एकदा हौदाकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं. रेघ भिंतीशी पोचली, थोडी घुटमळली.

"ते काय मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "लडी सोडू का नको?"

"थांब," मास्तर म्हणाले, आणि कोपरापर्यंत हात घालून हौद ढवळायला लागले.